परक्या संस्कृतीचा अभ्यास: 'हे लोक काय मानतात?' हा प्रश्न शेवटी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जगभरच्या संस्कृतींबद्दल वाचायची आवड आहे, पण वाचलेलं सगळं 'अजब चालीरीती' या एकाच खात्यात जमा होतं. सुरुवात कुठून करावी, कुणाच्या लिखाणावर विसंबावं, आणि एखादी प्रथा सरळसरळ क्रूर वाटली तर अभ्यासकानं काय करायचं? मी बरीच वर्षं मानवशास्त्र शिकवतो आहे. हे तिन्ही प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पहिलं सांगणं ऐकून कदाचित हिरमोड होईल. 'जग' बाजूला ठेवा. एक समाज घ्या, त्यातला एकच प्रसंग घ्या, आणि त्या प्रसंगी लोक प्रत्यक्षात काय करतात ते आधी बघा. कोण येतं, काय घेऊन येतं, कोण काय नेतं, खर्च कुणाच्या अंगावर पडतो, कुणाला आत घेत नाहीत, हे सगळं कधीपासून चालू आहे. 'हे लोक काय मानतात?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तो पहिल्याच दिवशी विचारला तर दोनच प्रकारची उत्तरं मिळतात: एक घोकलेलं, दुसरं पाहुण्याला बरं वाटावं म्हणून तिथल्या तिथे रचलेलं. आपण ज्या गोष्टी लहानपणापासून करत आलो त्यांमागची श्रद्धा एका वाक्यात सांगा म्हटलं तर आपलीही तीच गत होते.

प्रसंग निवडताना मी मृत्यू सुचवतो. लग्न पुढे ढकलता येतं, उत्सव एखाद्या वर्षी वगळता येतो. देह समोर आहे म्हटल्यावर मात्र काहीतरी करावंच लागतं, आणि ते करताना नातीगोती, मालमत्ता, मानपान, धर्म, सरकार असे सगळे एकाच अंगणात गोळा होतात.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांचं उदाहरण घ्या. चित्रफिती पाहणाऱ्यांना त्यांच्याबद्दल एवढंच माहीत असतं की ते मेलेल्या माणसाला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं घरात ठेवतात. खरंच ठेवतात. त्या काळात तो माणूस 'आजारी' समजला जातो, त्याच्यापाशी जेवण ठेवतात, आल्यागेल्याची खबर त्याला देतात. अंत्यविधी सुरू होऊन पहिली म्हैस कापली गेली की मगच तो रीतसर मेला. इथपर्यंत वाचून बहुतेक जण 'मृत्यू म्हणजे शेवट नाही असं ते मानतात' असा निष्कर्ष काढतात आणि पान उलटतात.

पान उलटू नका. विधीला उशीर का होतो ते विचारा. उत्तराचा मोठा भाग पैशाचा आहे. घराण्याच्या मानाला शोभेल असा विधी करायचा तर म्हशी लागतात, डुकरं लागतात, शेकडो पाहुण्यांसाठी तात्पुरते मांडव लागतात. ठिपक्यांच्या म्हशींची किंमत तर डोळे पांढरे करणारी असते. मुलं बोर्निओत, पापुआत, परदेशात नोकरी करतात. ती पैसे जमवून, रजा काढून येईपर्यंत थांबावं लागतं. जो म्हैस किंवा डुक्कर घेऊन येतो त्याची नोंद होते, कारण ते देणं असतं: त्याच्या घरी मृत्यू झाला की ते फेडायचं. मांसाचे वाटे दर्ज्याप्रमाणे पडतात, आणि कुणाला कोणता वाटा मिळाला यावरून भांडणं होतात. कापलेल्या जनावरांवर सरकार कर घेतं. म्हणजे ज्याला आपण 'मृत्यूविषयीची श्रद्धा' म्हणत होतो ती पिढ्यान्‌पिढ्या चालणारी देण्याघेण्याची वही आहे, आणि प्रत्येक अंत्यविधी तिच्यातलं एक पान लिहून पूर्ण करतो. यामुळे श्रद्धा खोटी ठरत नाही. तिचं वजन कशावर तोललेलं आहे ते कळतं.

आणि यातला बहुसंख्य समाज आज ख्रिस्ती आहे. डच सत्ता तोराजांच्या डोंगराळ मुलखात १९०६ मध्ये पोचली, धर्मप्रसारक १९१३ मध्ये आले. विधी सगळेच बंद पाडले तर एकही माणूस चर्चमध्ये येणार नाही हे त्यांना लवकरच उमगलं. तेव्हा त्यांनी एक रेघ मारली: अमुक गोष्टी 'रूढी' म्हणून चालतील, तमुक 'धर्म' म्हणून चालणार नाहीत. तोराजांच्या जुन्या व्यवस्थेत अशी रेघ नव्हतीच. पुढे स्वतंत्र इंडोनेशियात सरकारमान्य धर्मांची यादी आली. जुना आचार पाळणाऱ्यांनी १९६९ मध्ये मान्यता मिळवली ती हिंदू धर्माची एक शाखा म्हणून. दिल्या-घेतल्या म्हशींच्या मागोमाग गेलं की वसाहतीचा इतिहास, चर्च, राज्यघटना आणि स्थलांतर हे सगळं हाती लागतं. 'मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास' या मथळ्याखाली यातलं काहीच सापडलं नसतं.

आता दुसरं उदाहरण, कारण नुसतं 'नीट बघा' म्हणून भागत नाही. बघणारा कोण हेही बघावं लागतं. न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रियांड बेटं आहेत. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिला, लोकांची भाषा शिकला, आणि 'गावात राहून अभ्यास' ही आमच्या शास्त्राची रीत त्यानं घालून दिली. त्यानं वर्णन केलेला 'कुला' व्यवहार प्रसिद्ध आहे: लाल शिंपल्यांचे हार बेटाबेटांतून एका दिशेनं फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची बाहुभूषणं उलट दिशेनं, आणि कुणीही ती कायमची ठेवून घेत नाही. त्या वस्तूंचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला त्याचं उत्तर होतं की त्या हातातून जातात यानंच नाव होतं. १९२२ चं ते पुस्तक अजूनही वाचनीय आहे.

पण १९७१ मध्ये ॲनेट वायनर ही अभ्यासक त्याच बेटांवर गेली आणि तिला एका मृत्यूनंतरच्या वाटपात बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि पानांचेच घागरे ढिगांनी वाटताना दिसल्या. ही बायकांची संपत्ती होती. मातृवंशाची पत त्या वाटपातून ठरत होती, आणि पुरुषांना त्या जुड्या मिळवून देण्यासाठी आपली डुकरं नि इतर चीजवस्तू खर्चावी लागत होती. मालिनोव्स्की त्याच गावांत राहिला होता. त्याच्या डोळ्यांदेखत हे झालं असणार, पण बायका करतात ते अर्थकारण असू शकतं हे त्याच्या चौकटीत बसत नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये खासगी डायरी छापली गेली. तीत तो त्या लोकांवर वैतागलेला, घरच्या आठवणीनं कासावीस झालेला दिसतो. त्यावरून बराच गदारोळ झाला. मला स्वतःला डायरीपेक्षा त्या जुड्या जास्त बोलक्या वाटतात. वैताग कुणालाही येतो. न दिसणं मात्र पन्नास वर्षं टिकलं.

मग श्रद्धेचं काय? ती अभ्यासायचीच नाही का? अभ्यासायची, पण उत्तर म्हणून, आणि आधी प्रश्न शोधून. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डनं १९३७ मध्ये अझांदे लोकांवर लिहिलं. हे लोक आजच्या दक्षिण सुदानच्या आणि काँगोच्या भागात राहतात. त्यांची धान्याची कोठारं खांबांवर उभी असतात. दुपारच्या उन्हात लोक त्यांच्या सावलीला बसतात. कधीकधी कोठार कोसळतं आणि खाली बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीनं खाल्ले म्हणून कोठार पडलं, हे प्रत्येक अझांदे माणसाला ठाऊक असतं. ऊन होतं म्हणून माणसं तिथे बसली, हेही ठाऊक असतं. त्याचा प्रश्न पुढचा आहे: नेमकी हीच माणसं खाली असताना, नेमक्या याच घटकेला ते का पडलं? आपण याला 'योगायोग' म्हणतो आणि थांबतो. अझांदे 'चेटूक' म्हणतो आणि कामाला लागतो. कुणाच्या मनात आपल्याविषयी वाकडं आहे ते कोंबडीला विष घालून कौलानं शोधतो, त्या माणसाला निरोप धाडतो, तो माणूस तोंडात पाणी घेऊन फुंकरतो आणि आपल्या मनात काही नाही असं सांगतो. भांडण बोलण्यावर येतं.

इथे वाळवीचं ज्ञान आणि चेटकाची कल्पना एकमेकांच्या जागेवर बसलेली नाहीत, शेजारी शेजारी बसली आहेत. म्हणून 'त्यांना कारणमीमांसा कळत नाही' हे विधान निराधार ठरतं. इव्हान्स-प्रिचर्डनं एक गोष्ट मोकळेपणानं लिहून ठेवली आहे: तिथे असताना त्यानं आपलं घर नि रोजचे व्यवहार त्याच कौलाच्या आधारानं चालवले, आणि इतर कोणत्याही पद्धतीइतकीच ती सोयीची पडली. आता या चित्राला गुलाबी रंग देऊ नये. चेटकाचा आरोप दुबळ्यांवर जास्त होतो, आणि जगात अनेक ठिकाणी अशा आरोपांनी माणसं जिवानिशी गेली आहेत, आजही जातात. अझांद्यांतसुद्धा राजघराण्यातल्या लोकांवर असा आरोप कुणी करत नसे. श्रद्धेचा तर्क समजला म्हणजे तिचे बळी दिसायचे थांबले पाहिजेत असं नाही.

धर्माच्या पाट्यांबद्दलही एक सावधगिरीची सूचना. 'मुस्लिम समाज', 'बौद्ध देश' या शब्दांवरून रोजच्या जगण्याबद्दल फारसं काही कळत नाही. पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाउ लोक श्रद्धाळू मुसलमान आहेत, आणि घर नि भातशेती आईकडून मुलीकडे जाते. नवरा बायकोच्या घरी येतो, मिळकतीची देखरेख मामा करतो, तरुण मुलगे नशीब काढायला परमुलखात जातात. धर्मशास्त्र आणि ही वारसाची रीत यांचा खटका उडालाच नाही असं नाही. १८०३ मध्ये मक्केहून परतलेल्या काही हाजींनी सुधारणेची चळवळ सुरू केली, तिचं युद्ध झालं, १८२१ पासून डच त्यात उतरले, आणि १८३७ च्या सुमारास ते संपलं. त्यातून जी तडजोड घट्ट झाली ती अशी की वडिलोपार्जित, खरं तर 'आईपार्जित', मिळकत मातृवंशात राहील, आणि स्वकष्टाची कमाई इस्लामी कायद्यानं वाटली जाईल. ही तडजोड कळली की तो समाज कळायला लागतो. जपानमध्ये धार्मिक संस्थांनी दिलेली अनुयायांची संख्या एकत्र केली तर ती देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच घर शिंतो देवळाच्याही हिशेबात असतं आणि बौद्ध मठाच्याही. त्याच लोकांना तुमचा धर्म कोणता असं विचारलं तर बरेच जण 'कोणताच नाही' म्हणतात. दोन्ही खरं आहे. प्रश्नच तिथल्या जगण्याला बसत नाही.

आता विसंबायचं कुणावर. या प्रश्नाला सर्वात जास्त वेळ द्या. कारण लेखी साधनं बहुतेकदा अशा माणसांनी निर्माण केलेली असतात ज्यांना ती संस्कृती बदलायची होती, जिंकायची होती, निदान करवसुली तरी करायची होती.

याचं टोकाचं उदाहरण दिएगो दे लांदा. हा स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू आजच्या मेक्सिकोतल्या युकातानात होता. १५६२ मध्ये मानी गावात त्यानं माया लोकांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतली पुस्तकं जाळली. स्वतःच लिहितो की आम्हांला पुष्कळ पुस्तकं सापडली, त्यांत सैतानाच्या लबाडीखेरीज काही नसल्यानं सगळी जाळली, आणि लोकांना त्याचं विलक्षण दुःख झालं. आज मायांच्या अशा पोथ्या जगात चारच उरल्या आहेत. आणि हाच लांदा १५६६ च्या सुमारास मायांची कालगणना, सण, घरं, शेती, लिपी यांची जी माहिती लिहून गेला तिच्याइतकं तपशीलवार साधन त्या काळाबद्दल दुसरं नाही. त्यानं एका माया माणसाकडून स्पॅनिश मुळाक्षरांसमोर माया चिन्हं लिहून घेतली होती. ती 'मुळाक्षरं' विद्वानांनी दीर्घकाळ निरुपयोगी ठरवली. १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव्हनं दाखवून दिलं की माहितगारानं अक्षरांच्या नावांचे उच्चार ऐकून त्या-त्या उच्चाराची अक्षरचिन्हं लिहिली होती. तिथून माया लिपी उलगडायला लागली. ज्यानं कुलूप घातलं त्याच्याच खिशात किल्ली सापडली, असा हा प्रकार. लांदाला फेकून देता येत नाही आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवता येत नाही. प्रत्येक ओळीला विचारावं लागतं: हे तुला कुणी सांगितलं, आणि त्याला त्या वेळी कशाची भीती होती?

ज्या कथांना आपण 'प्राचीन व्हायकिंग पुराणं' म्हणून वाचतो त्यांचंही तेच. ओडिन-थोरच्या गोष्टींची सर्वात सुसंगत मांडणी आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं १२२० च्या सुमारास केली. आइसलंडनं ख्रिस्ती धर्म इसवी सन १००० च्या आसपास स्वीकारला होता. म्हणजे स्नोरी स्वतः ख्रिस्ती, आणि जुन्या देवांची पूजा बंद होऊन दोनशे वर्षं झालेली. त्याला पूजा जिवंत ठेवायची नव्हती. जुन्या कवितेतले संदर्भ तरुण कवींना कळावेत म्हणून त्यानं ते लिहिलं.

कधीकधी साधनं तयार करणारा आतला माणूस असतो, पण पुस्तकावर नाव दुसऱ्याचं असतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाका'वाक्व लोकांबद्दल मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसच्या नावावर जे प्रचंड साहित्य आहे त्यातली हजारो पानं जॉर्ज हंटनं लिहून पाठवलेली आहेत. हंटची आई त्लिंगिट या दुसऱ्या मूळनिवासी समाजातली, वडील इंग्रज, आणि तो याच लोकांत वाढलेला. या लोकांचा 'पॉटलॅच' हा समारंभ म्हणजे संपत्ती वाटून टाकून नाव, नृत्य नि हक्क यांवर पाहुण्यांसमक्ष शिक्कामोर्तब करण्याची रीत. पाहुणे भेट घेतात म्हणजे साक्षीदार होतात. लेखी दस्तऐवज नसलेल्या समाजाचं ते निबंधक कार्यालय म्हणा. कॅनडा सरकारला आणि धर्मप्रसारकांना त्यात उधळपट्टी दिसली. १८८४ मध्ये कायदा करून बंदी घातली गेली, ती १८८५ पासून अमलात आली. १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. धरपकड झाली, लोक तुरुंगात गेले, मुखवटे, तांब्याचे पत्रे, खडखडे जप्त होऊन संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत गेले. बंदी कायद्यातून १९५१ मध्ये गळली. वस्तू परत मिळवायला आणखी वेळ लागला. अलर्ट बे इथलं उ'मिस्ता सांस्कृतिक केंद्र १९८० मध्ये उघडलं ते त्या परतलेल्या मुखवट्यांसाठी. म्हणून संग्रहालयात गेल्यावर मुखवट्याचा 'अर्थ' वाचण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा: कोणत्या साली आला, कुणाकडून. साल १९२२ असेल आणि जागा त्या किनाऱ्यावरची असेल, तर तुम्ही कलावस्तूबरोबर एका खटल्याचा मुद्देमालही बघत असण्याची शक्यता आहे.

'कधीपासून' हा प्रश्नही असाच गुणकारी. बालीत पर्यटकांना दाखवलं जाणारं 'केचक' नृत्य, शंभरएक पुरुषांचा 'चक-चक' घोष आणि मधे रामायण, अतिप्राचीन वाटतं. घोषाची पद्धत जुन्या समाधी-विधीतली आहेच, पण आजचं रूप १९३० च्या दशकात बालीतले नर्तक आणि तिथे राहणारा जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस यांच्या सहकार्यातून घडलं. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी घरात वेदी मांडणं, झेंडूची फुलं वाहणं, स्मशानात रात्र काढणं हे जुनं आहे. मेक्सिको शहरातली सांगाड्यांची भव्य मिरवणूक मात्र २०१६ पासूनची. २०१५ च्या एका जेम्स बाँड चित्रपटात तशी मिरवणूक दाखवली होती, ती बघून पर्यटक यायला लागतील म्हणून ती खरोखरच सुरू केली. यावर 'मग हे सगळं नकली' असं म्हणणारे असतात. मला ते पटत नाही. त्या मिरवणुकीत चालणाऱ्या आणि घरी आजीचा फोटो वेदीवर ठेवणाऱ्या माणसाला दोन्ही आपलंच वाटतं, आणि ते वाटणं हासुद्धा नोंदवण्याजोगा पुरावा आहे. फक्त त्याला 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणू नका. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात. पहिली पुनर्बांधणी ६९० ची मानतात, बासष्टावी २०१३ मध्ये झाली. मधे यादवीच्या काळात शंभराहून जास्त वर्षं खंड पडला होता. इमारत वीस वर्षांच्या आतली, रीत तेराशे वर्षांची, आणि मधला खंड कुणी लपवत नाही. प्राचीनता मोजायची तर काय मोजता ते आधी ठरवा.

आता अवघड प्रश्न: प्रथा क्रूर वाटली तर? या चर्चेत प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची एक गोष्ट हमखास येते. इराणचा सम्राट दारियस ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाला खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो भारतातल्या 'कल्लातिए' नावाच्या लोकांना विचारतो, किती घेतले तर तुम्ही बापाला जाळाल? ते ओरडतात, असलं अभद्र बोलू नका. हेरोडोटसचं तात्पर्य असं की रूढी सगळ्यांवर राज्य करते. गोष्ट चटकदार आहे, पण हेरोडोटस तिथे नव्हता, आणि ती सांगून चर्चा संपवणारे एक गोष्ट विसरतात: प्रत्येक समाजाच्या आत रूढीशी भांडणारे लोक असतात. ते शोधा.

चीनमधली मुलींचे पाय बांधण्याची प्रथा बघा. सातव्या-आठव्या वर्षी, कधी त्याआधीच, बोटं मोडून तळव्याखाली दाबत. परदेशी प्रवाशांनी तिच्यावर पानंच्या पानं लिहिली, मांचू सम्राटांनी सतराव्या शतकात बंदी घालून पाहिली, ती टिकली नाही. कारण प्रश्न एकेका आईच्या मनाचा नव्हता. पाय न बांधलेल्या मुलीला चांगलं स्थळ मिळणार नाही अशी धास्ती होती, आणि शेजारी बांधत असताना एकटीनं सोडणं म्हणजे लेकीचं नुकसान. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कांग योवेईसारखे चिनी सुधारक आणि मिशनरी स्त्रिया यांनी मंडळं काढली, आणि त्यांची शपथ दुहेरी होती: आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही, आणि मुलांसाठी बांधल्या पायांची सून आणणार नाही. दुसऱ्या अर्ध्यानं पहिल्याची भीती घालवली. १९०२ मध्ये राजमातेचं आज्ञापत्र निघालं, १९१२ मध्ये प्रजासत्ताकानं बंदी घातली. उत्तर चीनमधल्या डिंग परगण्यात १९२९ मध्ये झालेल्या पाहणीत १८९० पूर्वी जन्मलेल्या जवळपास सर्व बायकांचे पाय बांधलेले होते, आणि १९१९ नंतर जन्मलेल्या एकीचेही नव्हते. अलीकडच्या संशोधनात वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींवरून आणखी एक धागा पुढे आला आहे: मुलींना लहान वयात सूतकताईला बसवून ठेवण्याशी या प्रथेचा संबंध होता, आणि गिरणीचं सूत आल्यावर तो व्यवहारही ढासळला. 'त्यांना लहान पाय सुंदर वाटत' हे स्पष्टीकरण यापुढे फारच तोकडं वाटतं.

तेव्हा माझं मत असं: समजून घेणं म्हणजे पसंत करणं नव्हे, आणि नापसंती मनात ठेवूनही नीट समजून घेता येतं. अल्-बिरुनी यानं सुमारे १०३० मध्ये भारतावर लिहिलं. तो गझनीच्या महमुदाच्या दरबारातला, म्हणजे आक्रमकाच्या बाजूचा. त्याला इथलं बरंच काही रुचत नव्हतं आणि तसं तो लिहितो. पण संस्कृत शिकून, पंडितांना विचारून, त्यांची मतं त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे तो आधी मांडतो, खंडनाच्या भानगडीत पडत नाही, आणि विद्वानांचं मत नि सामान्यांचा आचार वेगवेगळा ठेवतो. हजार वर्षांपूर्वी जमलं ते आज न जमायला सबब नाही.

जिवंत माणसांशी बोलायची संधी मिळाली तर 'तुमच्याकडे असं का करतात?' असं विचारू नका. तो माणूस लगेच आपल्या संपूर्ण समाजाचा वकील होतो. 'तुमच्या घरी मागच्या वेळी कसं झालं होतं?' असं विचारा. काका कुणाशी भांडला, कुणी काय आणायचं विसरलं, आजीनं कोणता भाग वगळायला लावला, हे बाहेर येतं. काही गोष्टी सांगायच्या नसतात, हेही मान्य करा. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी समाजांत काही कथा फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी मृत व्यक्तीचं नाव घेणं, तिचा फोटो दाखवणं टाळतात. उलुरू खडकावर चढू नका, असं अनांगू लोक वर्षानुवर्षं विनवत होते. जमीन त्यांना १९८५ मध्ये परत मिळाली, पण चढाई बंद झाली ती २०१९ मध्ये. कुतूहल हा काही परवाना नव्हे.

सुरुवातीला काय वाचावं असं विचाराल तर 'जागतिक संस्कृती'चे जाडजूड कोश नकोत. फ्लोरेन्टाइन कोडेक्स उघडा. सोळाव्या शतकात मेक्सिकोत बेर्नार्दिनो दे साहागुन या धर्मगुरूच्या देखरेखीखाली तिथल्या नाहुआ समाजाच्या विद्वान आणि चित्रकारांनी तयार केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ. २०२३ पासून त्याची चित्रं, मजकूर आणि भाषांतरं यांसह तो संगणकावर मोफत बघता येतो. बहुतेक पानांवर दोन रकाने आहेत: डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे नाहुआत्ल, म्हणजे नाहुआंची भाषा. स्पॅनिश मजकूर बऱ्याचदा आखूड आहे, आणि उरलेली जागा चित्रांनी भरलेली. बाराव्या खंडापासून सुरू करा. त्यात स्पेननं मेक्सिको जिंकल्याची हकिगत नाहुआंच्या बाजूनं आहे. शेजारी त्या मोहिमेचा स्पॅनिश म्होरक्या एर्नान कोर्तेसनं आपल्या सम्राटाला त्याच काळात धाडलेली पत्रं ठेवा. कोर्तेसला लोक केत्साल्कोआत्ल देव समजले ही प्रसिद्ध कथा तुम्ही ऐकली असेल. ती बाराव्या खंडात आहे, म्हणजे घटनेनंतर काही दशकांनी लिहिलेली. कोर्तेसच्या पत्रांत त्या देवाचं नावही नाही. ती कथा मधल्या काळात कुणाला का हवीशी झाली असेल, यावर स्वतःचा तर्क कागदावर मांडा, आणि मगच त्यावर इतिहासकारांनी काय म्हटलं आहे ते वाचायला घ्या.